मागच्या खोलीतली रेंज

राउटर निवडण्याचं काम मी अंगावर का घेतलं, हे समजायला माझ्या बायकोच्या प्रबंधाचं सातवं पान वाचावं लागेल. त्या पानावर तिने सगळ्यांचे आभार मानले आहेत. मार्गदर्शक बाईंना अख्खा परिच्छेद आहे. माझ्या आईला चार ओळी आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकांना तीन ओळी आहेत आणि त्यांतली एक तर त्यांच्या न्हाणीघराच्या गळक्या पाइपाला आहे. सगळ्यांत शेवटी, कॉलेजच्या शिपायानंतर, ‘व घरातील इतर मंडळी’ असे चार शब्द आहेत. आमच्या घरात माणसं तीन. बायको स्वतःचे आभार मानणार नाही. आईच्या ओळी वर येऊन गेल्या. म्हणजे इतर मंडळी म्हणून जी काही आहेत, तो मी एकटा.

मी तक्रार केली नाही. ते पान फक्त दोन दिवस जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी बायकोने त्यावर आमटीचं पातेलं ठेवलं.

खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. सहा वर्षं ही बाई सकाळी कॉलेजात शिकवते, दुपारी वह्या तपासते आणि उरलेला वेळ आमच्या मागच्या खोलीतल्या भिंतीसमोर बसते. ही खोली मुळात गॅलरी. आधीच्या मालकाने तिला काचा बसवून खोली केली, त्यामुळे इमारतीची जुनी बाहेरची भिंत आमच्या घराच्या मधोमध आली. हातभर जाड भिंत, आणि तिच्यात काकांचा पाइप झिरपतो. काचांतून उजेड आणि भिंतीतून पाणी अशी दोन्हीकडून सोय झाल्यावर तिच्यावर काहीतरी हिरवं, मऊ उगवलं. आईने त्याला बुरशी म्हणून जाहीर केलं आणि मी रंगारी बोलावला. बायकोने भिंग लावून पाहिलं, हे मॉस आहे, शेवाळासारखी एक वनस्पती, असं सांगितलं आणि रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं. काका पाइप दुरुस्त करायला निघाले होते, त्यांनाही तिने हात जोडून थांबवलं. तेव्हापासून हा माणूस सहा वर्षं स्वतःच्या घरात मुद्दाम गळका पाइप बाळगून आहे. असा शेजारी मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्यांच्या तीन ओळींबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तर तिची तोंडी परीक्षा गुरुवारी साडेदहाला ठरली. तीन परीक्षकांपैकी एक समुद्रापलीकडे राहणारे, म्हणून परीक्षा संगणकावरून होणार होती. परीक्षकांना भिंत बघायची होती आणि भिंत उचलून हॉलमध्ये आणता येत नाही, म्हणून बायको मागच्या खोलीतच बसणार होती. आणि मागच्या खोलीत इंटरनेट पोचत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही. मधेच पोचायचं आणि पुन्हा जायचं, मग पडद्यावर बायको एका हाताने भिंत दाखवत, तोंड उघडं ठेवून गोठून बसायची. परीक्षा मधेच तुटली तर ते समुद्रापलीकडचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी कुठल्याशा जंगलात जाणार होते आणि वर्षभर सापडणार नव्हते. सहा वर्षांची सात वर्षं झाली असती.

‘‘राउटरचं माझ्यावर सोड,’’ मी म्हणालो.

विद्यार्थी सोमवारपर्यंत नक्की देतो म्हणतात तेव्हा ती चष्म्यावरून जसं बघते, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘सोडते.’’

सोडते म्हणाली आणि खरंच तिने त्यानंतर एक शब्द विचारला नाही. एवढा विश्वास माझ्यावर ऑफिसात कोणी टाकलेला नाही. तिथे स्टेपलर मागायला अर्ज करावा लागतो.

मी अभ्यासाला लागलो. नऊ दिवस वाचलं. राउटर हा प्रकार मला तोपर्यंत एक गप्प बसलेला डबा वाटायचा. आता कळलं की त्यांत एक बँड असलेले असतात, दोन बँडचे असतात, दोन, चार, सहा आणि आठ अँटेनांचे असतात, आणि प्रत्येकाबद्दल एक माणूस म्हणतो याने आयुष्य बदललं आणि दुसरा म्हणतो हा तिसऱ्या दिवशी गेला. मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. दर दोन पावलांवर मोबाइल धरून रेंज मोजली आणि आकडे भरले. न्हाणीघरात आईने मला मोबाइल हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा पाहिला आणि ती दार लोटून गेली.

काकांना बातमी लागली आणि ते खाली आले. काकांनी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. गच्चीवरची अँटेना फिरवून चित्र आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळी इमारत त्यांना अँटेनाकाका म्हणते. त्यांनी माझा नकाशा वीस मिनिटं पाहिला, दोन ठिकाणी खाडाखोड केली आणि निकाल दिला की अँटेना जितक्या जास्त तितकं चांगलं आणि जागा जितकी उंच तितकी उत्तम. सहा अँटेनांचा का नको, हे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सहा फिरवायला दोन माणसं लागतील म्हणाले.

दुकानदार त्याहून भला निघाला. सगळ्यांत महागडा डबा माझ्या गळ्यात मारायला त्याला दोन मिनिटं लागली नसती, पण त्याने आधी खोल्या विचारल्या, अंतर विचारलं, मग विचारलं की मधे काय आहे.

‘‘एक भिंत,’’ मी म्हणालो.

‘‘भिंत कशी आहे?’’

‘‘भिंतीसारखी भिंत आहे.’’

आता मागे वळून बघताना या उत्तराची मला लाज वाटते. सहा वर्षं ज्या भिंतीबद्दल घरात चारशे बारा पानं लिहिली गेली, तिच्याबद्दल मला एवढंच सांगता आलं. पण सवयीची गोष्ट अशीच असते, रोज डोळ्यांसमोर असते म्हणून दिसत नाही. मी चार अँटेनांचा राउटर घेतला आणि लहान मूल आणावं तसा मांडीवर धरून रिक्षातून घरी आणला.

पुढचा अडथळा कंपनीचा. बाहेरून आणलेला राउटर जोडायचा तर त्यांच्याकडे नोंद करावी लागते, आणि नोंद फक्त ग्राहक करू शकतो. ग्राहक म्हणजे ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे ते. ते बाबांच्या नावावर होतं, आणि बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. मी चार वेळा फोन केला आणि चार वेगवेगळ्या मुलींना हे सांगितलं. चौघींनी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि ग्राहकाला फोनवर द्यायला सांगितलं. पाचवी जरा अनुभवी होती. ती म्हणाली, ग्राहक नसले तरी चालेल, पण त्यांच्या नोंदलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवते, तेवढे मला वाचून दाखवा.

तो मोबाइल कधीच बंद झाला, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरात काहीतरी टुणकन वाजलं.

आई बाबांचा जुना मोबाइल घेऊन बाहेर आली. चष्मा नीट केला आणि शाळेत पाढे म्हणावेत तसे स्पष्ट आवाजात सहा आकडे वाचले. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

‘‘रोज चार्ज करते,’’ ती म्हणाली. ‘‘नुसते पडून राहिले की बंद पडतात.’’

फोनवरच्या मुलीने ते आकडे टाइप केले. मग म्हणाली की तुमची नोंद झाली आहे, आणि आणखी काही मदत हवी का हे विचारायला विसरली. पाच वर्षं आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे तो फोन रोज चार्ज होत होता आणि तीन माणसांच्या घरात मला त्याचा पत्ता नव्हता.  

राउटर सुरू झाला. लाल दिवा गेला, हिरवा आला. हॉलमध्ये काय रेंज होती म्हणून सांगू. स्वयंपाकघरात होती, जिन्यात होती, खाली वॉचमनने येऊन सांगितलं की त्याच्या मोबाइलवरही आमच्या घराचं नाव दिसतंय. फक्त मागच्या खोलीत नव्हती. मी राउटर खिडकीत ठेवला, टीव्हीवर ठेवला, फ्रिजवर ठेवला. काकांनी अँटेना फिरवल्या. दोन उभ्या, दोन आडव्या, मग चारही चार दिशांना, आणि प्रत्येक वेळी मी मागच्या खोलीतून ओरडून सांगायचं, आलं, गेलं, आलं, गेलं. काकांचे डोळे चमकत होते. तीस वर्षांनी त्यांना गच्ची परत मिळाली होती.

मधल्या काळात आईने राउटरला लोकरीचं झबलं विणलं, चार अँटेनांना चार बाह्या असलेलं. काकांनी दबक्या आवाजात सुचवलं की लोकरीने रेंज अडत असेल. आईने झबलं काढून घेतलं, घडी केली आणि त्या दिवशी काकांच्या चहात साखर घातली नाही.

शेवटी उंचीचा सिद्धांत अमलात आणायचं ठरलं. कंपनीचा लाइनमन आला. अगदी कमी बोलणारा माणूस. त्याने वायर भिंतीवरून वर नेली, हातभर अंतरावर एकेक खिळा ठोकत लोखंडी कपाटाच्या माथ्यावर आणली आणि राउटर तिथे पक्का बसवला. काम इतकं सुबक की मला वाटलं याला घरभर फिरवावं. मागच्या खोलीत रेंजची एक काडी आली, आणि तो गेल्यावर अर्ध्या तासाने तीही गेली. बुधवारी सकाळी मी त्याला पुन्हा बोलावलं.

या वेळी त्याने राउटरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो थेट मागच्या खोलीत गेला, भिंतीजवळ उभा राहिला आणि मॉस नसलेल्या एका कोपऱ्यावर तळहात ठेवला. डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला.

‘‘राउटर चांगला घेतलाय,’’ तो म्हणाला. ‘‘भिंत ओली आहे.’’

मी म्हटलं, हो, सहा वर्षांपासून.

‘‘पाणी रेंज पिऊन टाकतं. भिंत सुकवा, नाहीतर खालून वायर टाका.’’

त्याच्या पिशवीत तेवढी लांब वायर नव्हती. गुरुवारी अकरानंतर आणतो म्हणाला. परीक्षा साडेदहाला होती. तो गेला आणि मी त्या भिंतीसमोर बसलो. नऊ दिवस मी जगभरचे राउटर वाचत होतो आणि शत्रू घरात बसून पाणी पीत होता. आणि तो शत्रूच प्रबंधाचा विषय होता.

बायको कॉलेजात होती. मला अशा वेळी विचार सुचतात आणि ते वेळेवर थांबत नाहीत. भिंत सुकवा, असं तज्ज्ञ माणसाने सांगितलं होतं. मी बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राचा प्लग खुपसला, भिंतीच्या मॉस नसलेल्या भागाकडे तोंड केलं आणि बटण दाबणार इतक्यात मागून आईने प्लग उपटला.

‘‘त्याला हात लावायचा नाही.’’

आई माझ्यावर शेवटची चिडली होती तेव्हा मी नववीत होतो. तो आवाज मी लगेच ओळखला. मी म्हटलं, आई, ही तीच भिंत, जिच्यावरच्या हिरव्याला तू बुरशी म्हणत होतीस. ती म्हणाली, ‘‘मॉस आहे ते.’’ आणि तिने कपाटातून एक शाळकरी वही काढून माझ्या हातात दिली. आत तिच्या अक्षरात सहा उन्हाळे होते. काका गावाला गेले, पाइप कोरडा पडला, सकाळी दोन पेले पाणी, संध्याकाळी दीड. आज कडक ऊन, तीन पेले. बायकोने तिला ते मोजून लिहायला सांगितलं होतं, आणि सहा वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. चार ओळी तिला उगाच मिळाल्या नव्हत्या. मी केस वाळवायचं यंत्र जागेवर ठेवलं आणि वहीची माफी मागावी असं मला वाटलं.

वायर काकांनी दिली. त्यांच्या पेटीत नसलेली वायर जगात बनलेली नाही. बारा मीटर, लांबी अगदी हवी तेवढी, फक्त एका टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटलेली. म्हणजे ते टोक राउटरच्या खोबणीत जायचं, पण राहायचं नाही. काकांनी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून ते बसवलं. संध्याकाळी बायकोने कॉलेजातल्या मैत्रिणीशी तासभर बोलून पाहिलं, एकदाही तुटलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, आणि सहा वर्षांत प्रथमच मला इतर मंडळींतून बाहेर आल्यासारखं वाटलं.

गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी चिकटपट्टी गळून पडली. कपाटाच्या माथ्यावर राउटर तापला होता आणि त्या उष्णतेत गोंद वितळला. दुसरी लावली, तीही गळाली. तिसरी लावायला पट्टी उरली नव्हती. दुकानं अकराला उघडतात. राउटर खाली घ्यावा तर लाइनमनने तो इतका सुबक ठोकला होता की निघेना. बायको नवीन कपडे घालून, हातात भिंग घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी स्टुलावर चढलो, टोक खोबणीत दाबलं आणि बोट तिथेच ठेवलं.

‘‘जा,’’ मी म्हणालो. ‘‘बस जाऊन.’’

‘‘किती वेळ लागेल माहीत नाही.’’

‘‘जा तू.’’

परीक्षा एक तास चाळीस मिनिटं चालली. मला हे नक्की माहीत आहे, कारण घड्याळ समोर होतं आणि दुसरीकडे मान फारशी वळवता येत नव्हती. पहिल्या दहा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या. वीस मिनिटांनी हात माझा आहे की नाही याची शंका यायला लागली. आईने दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. काका येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, ‘‘द्या इकडे. मी एकदा अख्खी मॅच अँटेना धरली होती.’’ त्यांच्या डोळ्यांत खरी तळमळ होती. पण मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांच्या तीन ओळी झाल्या होत्या.

चाळिसाव्या मिनिटाला मला शिंक आली. म्हणजे येणार होती. आईने ते ओळखलं, दुसरं स्टूल ओढलं आणि या सत्तरीच्या बाईने त्यावर चढून माझं नाक चिमटीत धरलं. काकांनी दोन्ही स्टुलं धरली. असे आम्ही तिघं कपाटाला टेकून उभे होतो आणि वायरीसाठी फटीएवढं उघडं ठेवलेल्या दारातून तिचा आवाज येत होता.

ते सगळं मला समजलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईला मी सहा वर्षं पाठमोरी बघत आलो, ती त्या भिंतीत काय बघते हे मला त्या दिवशी स्टुलावर उभं राहून कळलं. ती सांगत होती की उन्हाळ्यात मॉस वाळतं, तपकिरी होतं, हात लावला तर चुरा होतो. माणसं त्याला मेलेलं समजून खरवडून टाकतात. पण ते मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. पाण्याचे चार थेंब मिळाले की काही मिनिटांत हिरवं होतं. तिने ते तिथेच करून दाखवलं असावं, कारण समुद्रापलीकडून कोणीतरी ‘वा’ म्हटल्याचा आवाज आला. आईने माझं नाक सोडून डोळे पुसले आणि ती स्टुलावरून खाली उतरली. सुदैवाने शिंक तोपर्यंत गेली होती.

प्रश्न फार अवघड होते. एका परीक्षकांनी तिला एकाच मुद्द्यावर चार बाजूंनी घेरलं. ती एकदाही आवाज न चढवता, एकेक आकडा सांगत, चारही बाजूंनी बाहेर आली. मला अभिमान वाटला. असा वाटला की बोट जास्तच दाबलं गेलं आणि काकांनी खुणेने मला हळू घ्यायला सांगितलं.

शेवटी निकाल सांगायची वेळ आली. तिघांनीही तिचं अभिनंदन केलं आणि तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. मग ते समुद्रापलीकडचे गृहस्थ म्हणाले, एक प्रश्न राहिला, प्रबंधाबाहेरचा आहे. माझ्या घरून बोलताना सारखं तुटतं. तुमचं कनेक्शन एकदाही हललं नाही. कुठला राउटर वापरता तुम्ही?

मी श्वास रोखला. कंपनीचं नाव मला पाठ होतं, मॉडेल नंबरासकट.

 मग ती म्हणाली, ‘‘राउटरमुळे नाही ते. आमच्या घरातील इतर मंडळींनी धरून ठेवलंय.’’

काकांनी घसा साफ केला. आईने माझ्या पावलावर थोपटलं. मी कपाटाच्या माथ्यावरच्या धुळीकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे बघण्याची सोय नव्हती.

ती बाहेर आली तेव्हाही माझं बोट तिथेच होतं. ती म्हणाली, ‘‘झालं. सोडा आता.’’ मी म्हटलं, त्यांनी परत फोन केला आणि काही विचारलं तर? ती म्हणाली, ‘‘सोडा.’’ पण बोट सुटेना, ते तसंच आखडलं होतं. मग ती स्वतः आईच्या स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी तिने ते हळूहळू सोडवलं. बोटाच्या टोकावर प्लगचा चौकोनी ठसा खोल उमटला होता. तिने भिंग काढलं, माझं बोट उजेडाकडे धरलं आणि ती भिंत बघते तशी, मान थोडी तिरकी करून, बराच वेळ बघत राहिली.